लेखी पोपटी

रोह्याच्या परिसरात पोपटी लावायला आजवर कुणी सरकारची परवानगी मागितल्याचं ऐकिवात नाही. थंडी पडते, वालाच्या शेंगा भरतात, चार टाळकी जमतात. मडक्यात पाला, शेंगा, बटाटे, अंडी भरतात, शेतात जाळ करतात आणि खाऊन हात पुसत घरी जातात. अशी लेखी परवानगी मागणारा पहिला माणूस म्हणून दामोदर टिपणीस यांचं नाव निदान त्यांच्या आळीच्या इतिहासात तरी कायमचं नोंदलं गेलं आहे. खरं तर दामोदरपंतांचा पोपटीशी संबंध फक्त खाण्यापुरता. साठ वर्षं त्यांनी ती आवडीनं खाल्ली, पण मडकं उकरून शेंगा कागदावर ओतायची वेळ झाली की मगच ते शेतात पोचत. तेव्हा त्यांनी हा सगळा खटाटोप पोपटीसाठी केला असं कुणी समजू नये. तो केला नातवासाठी, आणि थोडा (हे त्यांनी पुष्कळ दिवस स्वतःलाही सांगितलं नव्हतं) स्वतःसाठी.

नातू अनय तिसरीत. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा मारला होता : 'हुशार आहे, पण स्वतःहून मार्ग काढत नाही. प्रत्येक वेळी "आता काय करू?" असं विचारतो.' अनयची आई हेमांगी, म्हणजे दामोदरपंतांची सून, नोकरीसाठी रोज रोह्याहून पेणला ये-जा करते. तिनं सोमवारी शेरा वाचला आणि मंगळवारी पेणमध्ये क्लास हुडकून काढला. गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर तो भरायचा. लहान मुलांना लिहायच्या खेळांमधून प्रश्न सोडवायला शिकवायचं, असं त्याचं स्वरूप. ती अनयला एकदा दाखवूनही आली. शनिवार आणि रविवार, सकाळी दहा ते चार.

शनिवार आणि रविवार, हेच दामोदरपंतांना खुपलं. हे दोन दिवस त्यांचे आणि अनयचे. सकाळी कुंडलिकेच्या काठानं फेरी, मग कॅरम, मग जेवण, मग दोघांनी मिळून आजीची झोपमोड. बाकीचे पाच दिवस ते या दोन दिवसांची वाट बघत असत. पण सुनेपुढं 'नातवावाचून मला करमत नाही' म्हणणं हे निवृत्त कार्यालयीन अधीक्षकाला शोभणारं नव्हतं. म्हणून त्यांनी तत्त्वाचा मुद्दा काढला.

"लिहून लिहून प्रश्न कसे सोडवायचे, हे आता पेणचे लोक मला शिकवणार?" ते म्हणाले. "अगं, चौतीस वर्षं कचेरीत मी दुसरं काय केलं?"

"चौतीस वर्षं तुम्ही प्रश्न या टेबलावरून त्या टेबलावर ढकललेत," त्यांच्या पत्नी वृंदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "वाटेत एखादा सुटला असेल तर त्यात तुमचा दोष नाही."

अनयचे वडील धाटावला कंपनीत शिफ्टला असतात. घरात वाद निघाला की ते एक तर ड्युटीवर असत किंवा झोपलेले असत, आणि त्यामुळे घरात सगळ्यांशी त्यांचे संबंध उत्तम होते. तेव्हा तडजोड हेमांगीनंच काढली.

"बाबा, जानेवारी अखेरपर्यंत तुम्ही शिकवून बघा. त्यानं एक तरी गोष्ट स्वतःच्या डोक्यानं केलेली मला दिसू दे. दिसली तर क्लास रद्द. नाही दिसली तर फेब्रुवारीपासून पेण."

"मंजूर," दामोदरपंत म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी ओटीवर चटई घातली.

विद्यार्थी तीन. एक अनय. दुसरी शेजारच्या नूतनची मनस्वी, जी झोपेतही बोलते असं तिची आई सांगते. तिसरा आदेश, भाजी घेऊन येणाऱ्या सखाचा मुलगा. सखाचं शेत रोह्याच्या बाहेर, नागोठण्याच्या रस्त्याला. दामोदरपंतांनी पहिल्याच दिवशी पाठ दिला. कुठलाही प्रश्न कागदावर पाच ओळींत मांडायचा : विषय, अडचण, कारण, उपाय आणि खाली अर्जदाराची सही. आठ वर्षांच्या मुलांना 'अर्जदार' म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला.

मनस्वीनं सगळ्यात आधी कागद दिला. विषय : काळूकाकांची स्कूटर. अडचण : आमच्या लंगडीच्या जागेत असते. कारण : काळूकाका. उपाय : हवा काढणे. मांडणी इतकी स्वच्छ होती की दामोदरपंतांचा ऊर भरून आला. कचेरीतल्या मोठमोठ्या माणसांना ज्या गोष्टीला तीन पानं लागतात ती या पोरीनं चार ओळींत बसवली होती. त्यांनी सवयीनं समासात शेरा मारला, 'योग्य. पुढील कार्यवाही करावी,' आणि खाली तारखेसह सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातले काळुराम स्कूटर ढकलत पंक्चरवाल्याकडे गेले आणि येताना तो कागद घेऊन टिपणिसांच्या दारात उभे राहिले. "पोरगी कबूल झाली. वर मला म्हणते, ऑर्डर हाय. साहेब, ह्यावर सही तुमची हाय."

सही आपली नाही म्हणणं दामोदरपंतांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांनी चहा पाजून माफी मागितली. काळुराम मनाचा मोठा माणूस, पण चहा पिऊन झाल्यावरही ते उठले नाहीत. त्या दिवसापासून ते क्लासला येऊन बसू लागले. देखरेखीसाठी, असं त्यांचं म्हणणं.

अनयचा कागद मात्र कोराच होता. "आबा, अडचण काय लिहू?"

"तुला जी असेल ती."

अनयनं प्रामाणिकपणे विचार केला. "मला नाहीये."

ज्याला अडचणच नाही अशा अर्जदारासाठी दामोदरपंतांच्या नमुन्यात रकाना नव्हता. त्यांनी जरा वेळ वाट पाहिली आणि मग त्याला तीन अडचणी सांगितल्या. त्यातली एक त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिली.

क्लासची कीर्ती आळीभर पसरली, आणि कीर्ती पसरली की सल्ले येतातच. एकीनं रोज सकाळी भिजवलेले बदाम सुचवले. काळुरामांचं मत पडलं की पोरगं अंगानं भरलं की डोकं आपोआप चालतं. कामाचा सल्ला आला तो नूतनचा. "काका, मी मोबाइलवर पाहिलंय. पोरांनी कृती लिहायची आणि मोठ्यांनी अगदी लिहिलंय तस्संच करायचं. आपल्या मनाचं काही घालायचं नाही. मग काय राहिलं ते पोरांचं पोरांना कळतं."

हे दामोदरपंतांना मनापासून पटलं. लिहिलंय तेच करायचं आणि लिहिलं नाही ते करायचं नाही, या एका नियमावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांनी मुलांना चहाची कृती लिहायला सांगितली. आदेशनं लिहिलं : 'पातेलं ठेवा. गॅस लावा. पावडर टाका. साखर टाका. उकळा. प्या.' दामोदरपंत स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी अक्षरशः तेच केलं. दोन मिनिटांत घरभर धूर झाला. साखर पातेल्याला अशी चिकटली की वृंदाबाई पुढं आठ दिवस त्या पातेल्याकडं बघून नवऱ्याशी बोलत. दामोदरपंतांनी रिकामा कप तोंडाला लावून भुरका मारला, तेव्हा मुलं चटईवर लोळायला लागली आणि अनय तर हसून हसून रडायला आला.

"मग? काय राहिलं?" दामोदरपंतांनी अनयला विचारलं.

अनयनं आजोबांच्या तोंडाकडं पाहिलं. आजोबांचे ओठ नकळत हलले : पा-णी.

"पाणी!" अनय ओरडला.

"शाब्बास!" दामोदरपंत म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. आपले ओठ हलले हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते काळुरामांनी तेवढं पाहिलं.

"साहेब," काळुराम म्हणाले, "चा कुनीपन करील. पोरांना पोपटी लिवायला सांगा. मग बघू कुनाच्या डोक्यात काय हाय ते."

झालं. जानेवारीतला शेवटचा रविवार ठरला, जागा सखाचं शेत ठरली. मुलांनी कागदावर लिहिलेल्या कृतीबरहुकूम पोपटी लागणार आणि मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. "चालेल," हेमांगी म्हणाली. "त्याच दिवशी काय ते बघू." म्हणजे परीक्षेची तारीखही ठरली. सामानाची यादी मनस्वीकडे दिली. मुख्य कृती अर्थात अनयकडे. आदेशला पोपटी आधीपासूनच लावता येत होती, म्हणून त्याला लेखनातून वगळण्यात आलं. ज्याला काम येतं त्याला समितीवर घ्यायचं नाही, ही कचेरीतली जुनी पद्धत दामोदरपंतांनी इथंही पाळली.

राहता राहिली परवानगी. उघड्यावर जाळ करायचा, लहान मुलं असणार, उद्या काही झालं तर? सखानं ऐकलं आणि भाजीची टोपली खाली ठेवली. "पोपटीला परवानगी? मग साहेब, जेवायला पन काढायची काय?"

दामोदरपंत बधले नाहीत. त्यांनी दीड पानी अर्ज लिहिला आणि शेत ज्या गावच्या हद्दीत होतं तिथल्या ग्रामपंचायतीत नेऊन दिला. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "याला नमुना नाय. तलाठी आप्पांकडं जा." तलाठ्यांनी विचारलं, पीक जळालंय का? अजून नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग जळाल्यावर या. पंचनामा करू. आधी आमचं काय काम नाय." पोपटीला लागणारा भांबुर्ड्याचा पाला बांधावर रानोमाळ उगवतो, तरी तो वनस्पती आहे हे ध्यानात घेऊन दामोदरपंत वनरक्षकालाही भेटले. तो बिचारा म्हणाला, "काका, न्या हो कितीपन." हे लेखी द्या म्हटल्यावर तो जेवायला निघून गेला. पोलीस चौकीतल्या हवालदारांनी फक्त एकच प्रश्न विचारला, "डीजे हाय काय?" नाही म्हटल्यावर त्यांचा रसच संपला.

पाच दिवस, चार कार्यालयं आणि एक चप्पल खर्ची पडल्यावर ग्रामपंचायतीकडून एका ओळीचं उत्तर आलं : 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.' दामोदरपंतांनी ते फायलीला लावलं. संबंध नाही म्हणजेच हरकत नाही, हे त्यांना माहीत होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. अर्जाच्या शेवटी, हात वळणावर गेल्यामुळं, त्यांनी लिहून टाकलं होतं : 'प्रत माहितीसाठी सविनय सादर', आणि खाली तलाठी, वनरक्षक, हवालदार, शाळेच्या बाई या सगळ्यांची नावं. कारकुनानं त्या प्रती पोचवल्याही होत्या. त्यात दिवस, वेळ, ठिकाण आणि 'पोपटी' हा शब्द होता. रायगड जिल्ह्यात असा कागद हातात पडला की माणूस त्याला काय समजतो, हे चौतीस वर्षांच्या अनुभवी माणसाला कळायला हवं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, अनय ओटीवर कागद घेऊन बसला. दामोदरपंत मुद्दाम आत जाऊन बसले. पाव तासानं त्यांनी डोकावलं, तर कागदावर एक अक्षर नव्हतं. नुसतं चित्र होतं. खाली जाळ, भोवती काटक्या, आणि मधोमध मडकं. तेही तोंड खाली आणि बूड वर.

दामोदरपंत लगबगीनं बाहेर आले. पोराला साधं मडकंही सुलटं काढता येत नाही! "अरे, हे काय? उलटं काढलंस की!"

अनयनं त्यांच्याकडं पाहिलं. "उलटं?"

"मग? मडक्याचं तोंड वर असतं ना, राजा?" त्यांनी खोडरबर घेऊन मडकं पुसलं आणि सुलटं काढून दिलं. अनय काहीतरी बोलणार होता, पण आबा म्हणतात म्हणजे तसंच असणार. तो म्हणाला, "मग आता काय लिहू?"

या क्षणी दामोदरपंतांनी गप्प बसायला हवं होतं. त्यांना ते कळतही होतं. पण डोळ्यांपुढं पेणची एसटी उभी राहिली, तिच्यात खिडकीशी बसलेला अनय, आणि ओटीवर एका बाजूनं कॅरम खेळणारे आपण. "लिही," ते हळूच म्हणाले. "एक. प्रथमतः मडके घ्यावे..."

रविवारी सकाळी अकराला नऊ माणसांची अपेक्षा होती. साडेअकरापर्यंत एकतीस आली. ग्रामपंचायतीचा कारकून बायकोमुलांसह आला. तलाठी आप्पांनी मेहुणा आणला. वनरक्षक पाल्याचा भारा घेऊन आला, म्हणजे निदान रिकाम्या हातानं नाही. हवालदार साध्या कपड्यांत होते. शाळेच्या बाई आल्या त्या अनयला पाहून खूश झाल्या. "साहेब, कागद मिळाला बरं का," जो तो येऊन सांगत होता, आणि दामोदरपंत हात जोडून मडक्याकडं बघत होते. मडकं एक होतं.

अनयनं कागद सखाच्या हातात दिला. सखानं तो मोठ्यानं वाचला. "एक. प्रथमतः मडके घ्यावे. दोन. त्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालावा. तीन. शेंगा, बटाटे, अंडी इत्यादी साहित्य मीठ व ओवा लावून भरावे. चार. तोंड पाल्याने बंद करावे. पाच. मडक्याभोवती पेंढा व काटक्या रचून यथाविधी अग्नी द्यावा."

"मयताला देतात तसा?" काळुराम म्हणाले.

"बोलायचं नाही!" मनस्वी ओरडली.

"सहा. पोपटी तयार झाल्यावर सर्वांनी खावी." सखानं कागद उलटून पाहिला. मागं काहीच नव्हतं. हेमांगी जरा लांब, सखाच्या झोपडीजवळच्या बांधावर बसली होती. 'यथाविधी' ऐकून तिनं सासऱ्यांकडं एक नजर टाकली आणि मग फार लक्षपूर्वक आकाशाकडं बघितलं.

मडकं भरून झालं. सखानं ते दोन्ही हातांत उचललं, सवयीनं उलटं करायला गेला आणि थबकला. "साहेब, ह्या..."

"लिहिलंय का?" दामोदरपंत म्हणाले.

सखानं कागदाकडं पाहिलं, मडक्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि लेकराला पाटावर बसवावं तसं मडकं सुलटं ठेवलं. एकतीस माणसांच्या घशातून एकच आवाज निघाला आणि घशातच राहिला. या जिल्ह्यात माणसं निवडणुकीत मतभेद विसरतील, पण दुसऱ्याची पोपटी चुकत असताना गप्प बसणार नाहीत. तीच माणसं आज एका आठ वर्षांच्या पोरीच्या धाकानं ओठ आवळून उभी होती. तलाठी आप्पांच्या मेहुण्यानं तर पाठ फिरवली. त्याला ते बघवेना.

पेंढा पेटला. जाळ सरळ वर गेला आणि मडक्याच्या तोंडात कोंबलेल्या पाल्यापाशी पोचला. पाला आधी चुरचुरला, मग पेटला, मग आत कोसळला. त्याच्यामागं राख गेली, दोनचार जळत्या काटक्या गेल्या. आत कुठंतरी एक अंडं फट्कन फुटलं. धूर सगळा हवालदारांच्या दिशेनं गेला. वाल जळल्याचा कडवट वास सुटला तसा कारकुनाच्या बायकोनं पदर नाकाला लावला.

दामोदरपंतांनी कागद हिसकावून घेतला. सहावी ओळ सांगत होती, 'तयार झाल्यावर'. तयार झाली हे कशावरून? न झाल्यास काय? आग विझवावी कुणी? एवढ्या वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या मसुद्यातल्या हजार चुका काढल्या होत्या, आणि या सहा ओळींत एक धड गोष्ट नव्हती. त्यांनी मान वर केली. समोर शाळेच्या बाई, बांधावर सून, शेजारी अख्खं सरकार. त्यांनी वळून पाहिलं तर जवळ फक्त अनय होता.

"अनय," ते म्हणाले, "आता काय करू रे?"

अनयनं नेहमीप्रमाणं आजोबांच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ हलतात का ते पाहिलं. आज ते हलत नव्हते. आज आबांना खरंच काही माहीत नव्हतं. हे त्याला पहिल्यांदाच दिसलं, आणि तो घाबरला नाही. आबा घाबरले आहेत म्हणून त्याला वाईट वाटलं. त्यानं त्यांच्या खिशातलं पेन काढलं, कागद मांडीवर घेतला आणि खाली बसून लिहायला लागला. कुणाला काही विचारलं नाही.

लिहून झालेला कागद त्यानं सखाला दिला. सखा वाचत गेला तसा त्याचा आवाज चढत गेला. "सात. जाळ बाजूला करा. आठ. झोपडीतलं दुसरं मडकं आणा. नऊ. मडकं उलटं ठेवा." इथं लोकांनी टाळ्या वाजवल्या. "दहा. बाकी सखाकाका सांगतील तसं करा, कारण त्यांना येतं. अकरा. माणसं जास्त आहेत म्हणून बाकीच्यांनी आणखी शेंगा तोडा. तोडताना बोललं तरी चालेल."

तोंडावरचं झाकण उडाल्यासारखी एकतीस माणसं एकदम बोलायला लागली. मीठ किती, ओवा किती, पाला कसा दाबायचा, गेल्या वर्षी कुणाची कच्ची राहिली आणि का राहिली. तलाठी आप्पा आणि वनरक्षक शेंगा तोडता तोडता पेंढ्यावरून हमरीतुमरीवर आले. हवालदारांनी बाह्या सरसावून काटक्या रचल्या. सखानं दुसरं मडकं भरलं आणि उलटं ठेवलं.

दामोदरपंत बांधावर अनयशेजारी बसले. "उलटं ठेवायचं हे तुला कुणी सांगितलं?"

"गेल्या वर्षी आदेशबरोबर आलो होतो तेव्हा बघितलं ना. मी काढलं होतं, आबा," अनय म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "तुम्ही खोडलंत."

दामोदरपंतांना वाटलं, भर शेतात कुणीतरी आपली सगळी सर्व्हिस काढून घेतली. पोराला येत होतं. आधीपासून येत होतं. आपण दर वेळी आधी बोललो, आणि बोललो ते त्याच्यासाठी नव्हे. 'आबा, आता काय करू' असं कुणीतरी विचारावं, हे आपल्याला फार आवडत होतं. निवृत्त झाल्यापासून दुसरं कुणी विचारत नव्हतं. त्यांनी हेमांगीला हाक मारली आणि बाईंच्या, काळुरामांच्या आणि ऐकू येईल त्या सगळ्यांच्या देखत सांगितलं, "हेमांगी, पहिल्या सहा ओळी माझ्या होत्या. मी सांगितल्या, त्यानं लिहिल्या."

"'प्रथमतः' ऐकलं तेव्हाच कळलं, बाबा," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "पण पुढच्या पाच त्याच्या आहेत. ठरलं होतं तसं. क्लास रद्द."

दामोदरपंत जिंकले होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. मग अनय कुठंय म्हणून त्यांनी पाहिलं, तर तो झोपडीच्या सावलीत पुन्हा काहीतरी लिहीत होता. तोवर सखानं मडक्यावर पाण्याचे थेंब मारले. ते चर्रकन उडाले तशी पोपटी उतरवली. वाफाळलेल्या शेंगा कागदांवर ओतल्या गेल्या आणि एकतीस माणसं पुन्हा गप्प झाली, या वेळी तोंडं भरलेली होती म्हणून. वृंदाबाईंनी पहिलं अंडं सोलून नवऱ्याच्या हातात दिलं. पातेल्याचा विषय त्या दिवशी मिटला.

अनय आला आणि त्यानं आईला एक कागद दिला. हेमांगीनं तो वाचला. मग पुन्हा वाचला आणि सासऱ्यांकडं दिला. दामोदरपंतांनी चष्मा पुसला.

'विषय : पेणचा क्लास.

अडचण : मला जायचं आहे. खाली गणपतीचे डोळे रंगवतात ते बघायला मिळतं आणि तिथे खूप मुलं आहेत. पण मी गेलो तर आबा शनिवारी एकटे राहतील. रविवारी पण.

कारण : मी नसलो की आबांना करमत नाही. ते सांगत नाहीत.

उपाय : आबांचं पण नाव घाला. ते माझ्या शेजारी बसतील. त्यांना पण शिकवतील.

अर्जदार : अनय.'

कागदात एकही चूक नव्हती. समासात शेरा मारायला जागाही सोडली होती. दामोदरपंतांनी पेनासाठी खिसा चाचपला, पण पेन अनयकडं होतं, आणि खिशात असतं तरी त्यांना लिहिता आलं नसतं. ते रडत होते. हवालदार बघत होते, तलाठी आप्पा बघत होते, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी नातवाला जवळ ओढलं. त्याच्या केसांना धुराचा आणि ओव्याचा वास येत होता.

"शनिवारची पेणची गाडी किती वाजता असते रे?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत," अनय म्हणाला. "घरी जाताना स्टँडवरून जाऊ. तुम्ही बाहेर थांबा, आबा. मी आत जाऊन विचारून येतो."